फळांच्या रसातील क जीवनसत्त्व घरी किंवा शाळेत मोजणे : पद्धत, हिशेब आणि अडचणी

प्रयोगवही

नमस्कार. नाशिकमधील एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. विज्ञान प्रदर्शन जवळ आले की ‘कोणत्या फळात क जीवनसत्त्व सर्वांत जास्त?’ हा विषय हमखास पुढे येतो आणि बहुतेक वेळा तो थर्माकोलवर चिकटवलेली फळांची चित्रे व कुठून तरी उतरवलेला तक्ता यांच्यावरच संपतो. प्रत्यक्ष मोजमाप कोणीच करत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण हे मोजमाप औषधाच्या आणि किराणा दुकानात मिळणाऱ्या साहित्यावर होऊ शकते आणि आठवीच्या मुलांनाही ते पेलते. म्हणून पद्धत इथे सविस्तर लिहीत आहे. जाणकारांनी त्यात भर घालावी.

क जीवनसत्त्व म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. आयोडीनशी गाठ पडताच ते आयोडीनचे आयोडाइड करून टाकते आणि स्वतः डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल बनते. पिष्टमय पदार्थाबरोबर आयोडीन गडद निळा रंग देते, आयोडाइड मात्र देत नाही. त्यामुळे रसात थोडी पेज मिसळून वरून आयोडीन थेंबाथेंबाने सोडले, तर क जीवनसत्त्व शिल्लक असेपर्यंत निळा रंग टिकत नाही आणि ते संपले की पुढचाच थेंब सगळ्या द्रावणाला रंग देतो. तोवर किती आयोडीन लागले, हेच आपले माप.

आयोडीनसाठी औषधाच्या दुकानात जखमेवर लावायला मिळणारे ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनचे साधे द्रावण घ्यावे. मलम किंवा साबणयुक्त स्क्रब चालत नाही. या द्रावणात वापरता येण्याजोगे आयोडीन सुमारे अर्धा टक्का, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम असते. त्यातील २० मिलिलिटर घेऊन त्यात शुद्ध पाणी घालून १०० मिलिलिटर केले की १ मिलिलिटरमागे १ मिलिग्रॅम आयोडीन मिळते. हे द्रावण त्याच दिवशी करून झाकून ठेवावे, कारण पातळ द्रावणाचा जोर उतरत जातो. सूचक म्हणून चमचाभर कॉर्नफ्लोर गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडावे, किंवा तांदळाची गाळलेली पातळ पेज घ्यावी. दोन्ही पूर्ण गार करून वापरावीत, कारण गरम पेजेत निळा रंग उमटतच नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, जो प्रदर्शनात जवळजवळ नेहमी गाळला जातो. ज्याचे प्रमाण आपल्याला आधीच माहीत आहे, असे एक द्रावण तुलनेसाठी हवे. त्यासाठी क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची गोळी कुटून ५०० मिलिलिटर पाण्यात विरघळवावी आणि तळाशी राहणारा गोळीचा भुगा गाळून काढावा. या द्रावणाच्या १० मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. १ मिलिग्रॅम आयोडीनला सुमारे ०.६९ मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल पुरते, म्हणून वरच्या आयोडीनचे साधारण १४.४ मिलिलिटर इथे लागायला हवेत. आकडा थोडा वेगळा आला तरी हरकत नाही. बाटलीवरच्या टक्केवारीपेक्षा आपण स्वतः मोजलेला आकडाच पुढच्या हिशेबात धरावा.

मग मोसंबी पिळून, रस मलमलच्या फडक्यातून गाळून, त्याचे १० मिलिलिटर काचेच्या पेल्यात घ्यावेत. त्यात तेवढेच पाणी आणि चमचाभर पेज घालावी, पेला पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि सुई काढलेल्या ५ मिलिलिटरच्या सिरिंजने आयोडीन सोडत पेला सतत हलवावा. सुरुवातीला थेंब पडेल तिथे निळा ठिपका उमटतो आणि लगेच विरतो. शेवट जवळ आला की तो विरायला वेळ लागू लागतो, इथेच मुलांचा हात घाईने चालतो आणि इथेच एकेक थेंब सोडायचा असतो. सगळा रस निळसर होऊन रंग दहा-पंधरा सेकंद टिकला की थांबावे. समजा, गोळीच्या द्रावणाला १४.४ आणि मोसंबीला ५.८ मिलिलिटर आयोडीन लागले, तर ५.८ भागिले १४.४ गुणिले १० म्हणजे १० मिलिलिटर रसात सुमारे ४ मिलिग्रॅम, अर्थात १०० मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व झाले. पोषणाच्या तक्त्यांत मोसंबी-संत्र्याचे प्रमाण याच घरात दिलेले आढळते.

प्रत्येक रसाची तीन वाचने घ्यावीत. तपासलेला रस कोणीही पिऊ नये. गणवेशावर आयोडीनचा डाग पडला तर गोळीचे उरलेले द्रावण त्यावर चोळावे, डाग डोळ्यांदेखत नाहीसा होतो आणि प्रयोगाचे तत्त्वही मुलांच्या कायमचे लक्षात राहते.

माझ्यापुढे दोन अडचणी आहेत. डाळिंबाच्या लाल रसात निळा रंग ओळखायचा कसा, आणि खोक्यात किंवा बाटलीत मिळणारे रस या पद्धतीने तपासले तर आकडा विश्वासार्ह मानावा का?

सिडकोपालक

मॅडम, शुद्ध पाणी म्हणजे नेमके कोणते घ्यावे? घरी नळाचे पाणी गाळून, उकळून वापरतो. ते चालेल का?

प्रयोगवही

नळाच्या पाण्यात जंतुनाशासाठी क्लोरीन घातलेले असते. ते थोडे क जीवनसत्त्व स्वतःच खाऊन टाकते, शिवाय आयोडाइडमधून आयोडीन मोकळेही करते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. ते स्वस्त असते आणि एक कॅन सगळ्या वर्गाला पुरतो. नुसत्या पाण्यात पेज घालून आयोडीनच्या पहिल्या एक-दोन थेंबांतच रंग येतो ना, हेही आधी पाहून घ्यावे.

काचपात्र

मॅडमनी विचारलेले दोन्ही प्रश्न आमच्या रोजच्या कामातले आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मी नाशिक जिल्ह्यातील एका वाइनरीच्या प्रयोगशाळेत काम करतो. वाइनमध्ये मुक्त सल्फर डायऑक्साइड किती आहे, हे आम्ही रिपर पद्धतीने मोजतो आणि ती पद्धत म्हणजे आपण वर लिहिलेलेच अनुमापन आहे : वाइनमध्ये आम्ल घालायचे, स्टार्च घालायचा आणि वरून आयोडीन सोडायचे. फरक एवढाच, की तिथे आयोडीन खाणारा पदार्थ आम्ही सल्फर डायऑक्साइड मानतो आणि इथे आपण क जीवनसत्त्व मानत आहात. आयोडीनला मात्र समोर कोण आहे याच्याशी काही देणेघेणे नसते.

यातच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. बाटलीबंद सरबते, स्क्वॅश, क्रश यांच्यात टिकवणीसाठी बहुधा सल्फाइट, म्हणजे आंबट रसात सल्फर डायऑक्साइड सोडणारा क्षार, घातलेले असते. लेबलवर ‘परिरक्षक २२४’ असा, किंवा २२० ते २२८ यांच्यातला दुसरा एखादा आकडा दिसला, तर या पद्धतीचा निकाल फुगलेला येणार हे निश्चित समजावे. तो किती फुगतो, याचा हिशेब मुलांकडून जरूर करून घ्यावा. सल्फर डायऑक्साइडचे ६४ ग्रॅम जेवढे आयोडीन खातात, तेवढेच आयोडीन क जीवनसत्त्वाचे १७६ ग्रॅम खातात. म्हणजे १ मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड आपल्या वहीत २.७५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व म्हणून नोंदला जातो. एखाद्या पेयात लिटरमागे १०० मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड असेल आणि फळाचा अंशही नसेल, तरी आकडा १०० मिलिलिटरला २७.५ मिलिग्रॅम येईल आणि ते पेय अर्धे-अधिक मोसंबीच्या तोडीचे ठरेल! आमच्याकडे वाइनमध्ये ॲस्कॉर्बिक आम्ल घातलेले असेल तर हाच घोटाळा उलट बाजूने होतो. तेव्हा ग्लायॉक्सल घालून सल्फर आधी बांधून टाकतात, नंतर जे आयोडीन खर्च होते ते वेगळे मोजतात आणि एकूण आकड्यातून वजा करतात. शाळेत याची गरज नाही. २२० ते २२८ असलेली पेये या चाचणीतून वगळावीत, हेच बरे. २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट. त्याचा आयोडीनशी असा संबंध येत नाही.

लेबलवर आणखी एक आकडा शोधावा, तो म्हणजे ३००. तो खुद्द ॲस्कॉर्बिक आम्लाचा क्रमांक आहे. रसाचा रंग उडू नये म्हणून ते वेगळे घालतात. अशा सफरचंदाच्या खोक्यातल्या रसाचे वाचन घरी काढलेल्या सफरचंदाच्या रसापेक्षा जास्त आले, तर मोजमाप बरोबरच आहे, पण ते जीवनसत्त्व सफरचंदाचे नाही. ‘पेयात किती’ आणि ‘फळात किती’ हे दोन प्रश्न मुलांनी वेगळे ठेवायला हवेत.

डाळिंबाचे म्हणाल तर लाल वाइनपाशी आमचीही हीच अडचण होते. रस चार-पाच पट पातळ करावा आणि पेल्याच्या मागून किंवा बाजूने प्रखर पिवळा प्रकाश सोडावा. लाल रंग फिका दिसतो आणि निळी-काळी झाक उठून येते. शेजारी आयोडीन न घातलेला तसाच दुसरा पेला ठेवला, तर डोळ्याला तुलना मिळते. तरीही डाळिंबाचा आकडा मी कच्चाच मानेन, कारण त्यातील रंगद्रव्ये आणि तुरट घटकही हळूहळू आयोडीन ओढतात. आलेला रंग मिनिटाभरात पुन्हा विरला, तर त्यामागे हेच कारण असते.

द्राक्षमळा

धागा वाचून काल घरी मुलीबरोबर द्राक्षाच्या रसावर प्रयोग करून पाहिला. आमचा मळा निफाड तालुक्यात आहे, त्यामुळे द्राक्षाला कमी नाही. पण सिरिंजमधून आयोडीन सोडायला सुरुवात केली न केली तोच रस निळा झाला. मुलगी हिरमुसली आणि ‘आपल्या द्राक्षात काहीच नाही का?’ असे विचारू लागली. ब्रिक्स आम्ही रोज तपासतो, साखर उत्तम भरलेली आहे, मग हे असे का?

प्रयोगवही

दादा, मुलीला सांगा की प्रयोग अगदी बरोबर झाला आहे. द्राक्षात क जीवनसत्त्व मुळातच फार थोडे असते. १०० ग्रॅममागे काही मोजकेच मिलिग्रॅम भरते, त्यामुळे १० मिलिलिटर रसाला आयोडीन अर्ध्या मिलिलिटरच्या आसपासच लागणार आणि ५ मिलिलिटरच्या सिरिंजवर तेवढा फरक नीट वाचताच येत नाही. ब्रिक्सचा आकडा मुख्यतः साखरेचा असतो, त्यावरून जीवनसत्त्वाचा अंदाज बांधता येत नाही. द्राक्षाचे मोल साखर, आम्ल, रंगद्रव्ये अशा वेगळ्या गुणांत आहे.

मोजायचेच असेल तर आयोडीनचे द्रावण आणखी दहापट पातळ करावे, गोळीचे द्रावणही दहापट पातळ करून त्याचे वाचन नव्याने घ्यावे आणि मग द्राक्षाचा रस तपासावा. जिथे अर्धा मिलिलिटर लागत होता तिथे चार-पाच मिलिलिटर लागतील आणि वाचन भरवशाचे होईल. पेरूचे याच्या उलट असते. त्याचा गर घट्ट आणि जीवनसत्त्व भरपूर, १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणून १० ग्रॅम गर पाण्यात वाटून १०० मिलिलिटर करावा आणि गाळून त्यातले १० मिलिलिटर घ्यावेत.

काचपात्र

द्राक्षाबाबत एक पुस्ती जोडतो. निर्यातीच्या पेटीत माल टिकावा म्हणून ग्रेप गार्ड नावाचा कागद घातलेला असतो आणि त्यातून सल्फर डायऑक्साइडच सुटत असतो. प्रयोगासाठी पेटीतला माल न घेता वेलीवरून ताजा घड काढावा.

मातीपरीक्षण

कृषी महाविद्यालयात आम्ही हेच प्रमाण डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉल या निळ्या रंगद्रव्याने काढत होतो. फळ ४ टक्के ऑक्झॅलिक आम्लात वाटायचे, म्हणजे जीवनसत्त्व हवेने लगेच बिघडत नाही, आणि वरून रंगद्रव्य सोडायचे. क जीवनसत्त्वाशी गाठ पडली की त्याचा रंग जातो, आणि जीवनसत्त्व संपले की आम्लामुळे फिकट गुलाबी रंग टिकून राहतो. आम्लात आणि झटपट केल्यामुळे ही पद्धत आयोडीनपेक्षा नेमकी ठरते, पण सल्फाइट तिलाही फसवते. ऑक्झॅलिक आम्ल विषारी असल्याने लहान वर्गांना मी आयोडीनचीच पद्धत सुचवेन.

आवळ्यावर प्रयोग करणार असाल तर विशेष काळजी घ्यावी. आवळ्याचा तुरटपणा ज्या टॅनिनवर्गीय घटकांमुळे असतो, तेही आयोडीन खातात, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा चढा येतो. तक्त्यांतही आवळ्याचे आकडे एकसारखे नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम हा आकडा होता आणि तोच अजून सगळीकडे उतरवला जातो. त्याच संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या नव्या तक्त्यात तो अडीचशेच्या आसपास आहे. जात, पक्वता, साठवण आणि मोजण्याची पद्धत, या सर्वांनी आकडा बदलतो. वर्गात एखाद्या मुलाचा आकडा तक्त्याशी जुळला नाही म्हणून त्याला खोडून टाकायला लावू नये, ही माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे.

गंगापूररोड

शाळकरी मुलांच्या अशा प्रयोगाने काय घडू शकते, याचे एक उदाहरण या ठिकाणी नोंदवणे योग्य ठरेल. २००४ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे दोन शाळकरी मुलींनी विज्ञान प्रकल्पासाठी बाजारातील पेयांतील क जीवनसत्त्व मोजले. रिबेना या पेयाच्या जाहिरातीत काळ्या करंटच्या फळांत संत्र्याच्या चौपट क जीवनसत्त्व असल्याचे सांगितले जात होते, पण पिण्यासाठी तयार मिळणाऱ्या रिबेनात त्यांना ते जवळजवळ सापडलेच नाही. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने सुरुवातीला त्यांना दाद दिली नाही. पुढे प्रकरण तेथील वाणिज्य आयोगाकडे गेले आणि २००७ साली कंपनीने न्यायालयात आरोप मान्य केले. तिला २ लाख न्यूझीलंड डॉलरहून अधिक दंड झाला.

यात माझ्या मते ध्यानात घेण्यासारखे हे, की फळाबद्दलचे विधान कदाचित खरे असेलही, पण ग्राहकाच्या हाती पडत होते ते पेय. वर काचपात्र यांनी ‘फळात किती’ आणि ‘पेयात किती’ यांतला जो फरक सांगितला, तोच तिथे निर्णायक ठरला.

सिडकोपालक

हे सगळे वाचून माझ्या मनात एक प्रामाणिक शंका आली आहे. सल्फाइट फसवते, टॅनिन फसवते, रंग दिसत नाही, तक्ते जुळत नाहीत. मग मुलांनी काढलेल्या आकड्याला अर्थ काय उरला? त्यापेक्षा रस प्रयोगशाळेत पाठवलेला बरा नाही का?

मातीपरीक्षण

अर्थ भरपूर उरतो, फक्त प्रश्न बेताचा विचारायला हवा. मोसंबी, आवळा आणि डाळिंब अशी वेगवेगळी फळे शेजारी बसवली, तर प्रत्येकातले आयोडीन खाणारे इतर घटक वेगळे असतात आणि क्रमवारी डळमळीत होते. पण एकाच फळाचा एकच रस घेतला आणि त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवले, तर ते इतर घटक सगळीकडे जवळपास सारखेच राहतात आणि वाचनात पडलेला फरक मुख्यतः क जीवनसत्त्वाचाच असतो. तोंडोतोंड भरलेली बंद बाटली आणि उघडा पेला, फ्रीजमधला आणि ओट्यावरचा, हाताने पिळलेला आणि मिक्सरमध्ये फेस येईपर्यंत घुसळलेला, उकळी आणलेला आणि न आणलेला, अशा कितीतरी जोड्या घेता येतात. हवा आणि उष्णता या जीवनसत्त्वाच्या दोन मुख्य शत्रू आहेत आणि दोन्हींचा परिणाम शाळेच्या टेबलावर मोजता येतो.

तिसरा शत्रू तांबे. तांब्याच्या अंशमात्र संपर्कानेही क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण वेगाने होते. ब्रिटिश आरमाराने एकोणिसाव्या शतकात लेमनऐवजी वेस्ट इंडीजचे लाइम वापरायला सुरुवात केली. त्या फळात मुळात जीवनसत्त्व कमी आणि त्यात रस हवेशी व तांब्याच्या नळ्यांशी संपर्कात येत असे. १८७५-७६ च्या त्यांच्या आर्क्टिक मोहिमेत लाइमचा रस बरोबर असूनही खलाशांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, झाला. आपल्याकडे तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवायची पद्धत घरोघरी आहे, पण आंबट रस त्यात मुळीच ठेवू नये. प्रयोगासाठी घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या तारेचा छोटा तुकडा रसात टाकून थोड्या वेळाने काढावा आणि तो रस कोणी पिऊ नये. तारेचा संपर्क थोडाच ठेवावा, कारण विरघळलेले तांबे वाढले तर ते आयोडाइडमधून आयोडीन मोकळे करते आणि वाचन बिघडवते.

एक मर्यादा मात्र अहवालात लिहावी. हवेने बिघडताना आधी डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल तयार होते. शरीर त्याचाही क जीवनसत्त्व म्हणून उपयोग करून घेते, पण आयोडीनला ते दिसत नाही. म्हणून वाचन निम्मे झाले तर पोषणमूल्य तंतोतंत निम्मे झाले, असे लिहू नये.

प्रयोगवही

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या चर्चेवरून वर्गाचा प्रकल्प असा ठरवत आहे. फळ एकच, जालन्याकडून येणारी मोसंबी. सगळी फळे एकदम पिळून, रस एकत्र करून गाळायचा, म्हणजे फळाफळांतला फरक मिटेल. त्याचे चार भाग करायचे : एक तोंडोतोंड भरलेल्या बंद बाटलीत फ्रीजमध्ये, एक तशाच बाटलीत वर्गातल्या टेबलावर, एक उघड्या पेल्यात आणि एक तांब्याची तार बुडवून काढलेला. वाचने पिळल्यावर लगेच, मधल्या सुट्टीत, शाळा सुटताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायची. आयोडीनचे द्रावण सकाळी ताजे करायचे आणि प्रत्येक वेळी गोळीच्या द्रावणाचे वाचनही सोबत घ्यायचे. ते द्रावणसुद्धा हवेने उतरते, म्हणून गोळी दर वेळी नवी विरघळवायची.

बाजारातल्या पेयांसाठी एक वेगळा गट ठेवते. तो गट आधी फक्त लेबले वाचेल, २२० ते २२८ आणि ३०० हे आकडे शोधेल आणि कोणते पेय या पद्धतीने तपासण्याजोगे आहे व कोणते नाही, हे कारणासह लिहील. प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते, ही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० सालची शिफारस फलकावर लावू, म्हणजे पेलाभर रसाचा आकडा कशाशी ताडून पाहायचा ते बघणाऱ्याला कळेल. फलकाचे शीर्षक ‘सर्वांत पौष्टिक फळ कोणते?’ असे न ठेवता ‘मोसंबीच्या रसातील क जीवनसत्त्व : साठवणीचा परिणाम, आयोडीन पद्धतीने’ असे ठेवते. द्राक्षमळा दादा, आपल्या मुलीने पातळ द्रावणावर पुन्हा वाचन घेतले तर ते इथे अवश्य लिहा. द्राक्षाचा आकडा आमच्या वर्गालाही हवा आहे.